तुर्कीत "निघायच्या बेतात आहे" कसं म्हणतात?

तुर्की शिकतेय. "ट्रेन सुटेल" वेगळं आणि "ट्रेन सुटायच्या बेतात आहे" वेगळं, पण पुस्तकात सगळीकडे आजाक-एजेकवाला भविष्यकाळच दिसतोय. दुसऱ्यासाठी काय वापरायचं?

>> 'उझेरे' वापर. क्रियापदाचं माक/मेकवालं मूळ रूप तसंच ठेवायचं आणि पुढे उझेरे, झालं. "त्रेन काल्कमाक उझेरे" म्हणजे गाडी सुटतेच आहे, पळ. माक की मेक हे स्वरांच्या जुळणीवर ठरतं पण उझेरे स्वतः बदलत नाही, त्याला फक्त पुरुषाचा नि काळाचा प्रत्यय लागतो, म्हणजे गित्मेक उझेरेयिम (निघतोच आहे), गित्मेक उझेरेय्दिम (निघतच होतो). एजेकमध्ये ही घाई नाही, "गिदेजेइम" म्हणणारा पुढच्या वर्षीही जाईल. भूतकाळात तर फरक अजून कळतो, "गिदेजेक्तिम" म्हणजे जायचा विचार होता, आणि "गित्मेक उझेरेय्दिम की तेलेफोन चाल्दी" म्हणजे चपला घालून निघणारच होतो की फोन वाजला. तो 'की' बघ, आपल्यासारखाच बसलाय, मला फार आवडतं हे वाक्य.

>> मग निरोप घेताना "ग्योर्युश्मेक उझेरे" म्हणतात ते? तिथे भेटायच्या बेतात कसं काय?

>> तिथे अर्थ उद्देशाचा, 'पुन्हा भेटण्यासाठी', पुढचं क्रियापद गाळलंय. उझेरेला अटीचा अर्थही आहे, "गेरि वेर्मेक उझेरे आल्दिम" = परत द्यायच्या बोलीवर घेतलं. सहसा उझेरेवरच वाक्य संपलं तर 'बेतात', आणि पुढे आल्दिमसारखं दुसरं क्रियापद आलं तर उद्देश किंवा अट.

>> आणि "पडता पडता वाचलो"? तिथेही उझेरेय्दिम चालेल का?

>> चालेल पण कमी पडेल, कारण पुढे पडलास की नाही ते त्यात येत नाही. रोजच्या बोलण्यात "आझ काल्सिन द्युश्युयोर्दुम". क्रियापद 'पडत होतो' असं चालू भूतकाळात, अर्थ मात्र थोडक्यात वाचलो. इथे साधा भूतकाळ द्युश्त्युम लावू नकोस, त्याचा अर्थ पडलोच. 'आझ काल्सिन'च्या जागी 'नेरेदेय्से'ही चालतं.

एकाच क्रियापदात सांगायची जुनी सोय पण आहे, "द्युशेयाझ्दिम". यातला याझ्माक लिहिण्याचा नव्हे हां, 'चुकणे' अर्थाचं जुनं क्रियापद आहे ते, म्हणजे आपण "अपघात होता होता चुकला" म्हणतो अगदी तसंच! आता पडणे, मरणे, बेशुद्ध होणे अशा मोजक्या क्रियापदांनाच लागतं आणि जरा पुस्तकी वाटतं, त्यामुळे वाचताना ओळखता आलं तरी पुरे, बोलताना आझ काल्सिनच वापर.