जुन्या गाडीचा एसी हायवेला गार, सिग्नलला गरम. कंप्रेसर बदलू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. इंजिन ठणठणीत आहे, त्रास फक्त एसीचा. आठवड्यातून दोनदा मी बाबांना मुलुंडहून परळला डायलिसिसला नेतो. ते मोकळे होतात दुपारी दोनच्या सुमाराला, आणि तेव्हा त्यांच्या अंगात काही त्राण उरलेलं नसतं. ऑक्टोबरच्या त्या उन्हात, काचा खाली करून, बसच्या धुरात हिंदमाता ते सायन त्यांना आणायचं म्हणजे माझाच जीव खालीवर होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लक्षण असं आहे. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हवा छान गार येते. सायनला उतरून आंबेडकर रोडला लागलो आणि दोन-तीन सिग्नल झाले की हवा कोमट. ब्लोअरचा जोर मात्र तेवढाच असतो. थर्मामीटर मधल्या जाळीत खोचून बघितला: घाटकोपरला ९ अंश, सायन सर्कलला गर्दीत पाच मिनिटं अडकल्यावर २१.

आतापर्यंत तीन मेकॅनिक झाले. पहिल्याने एप्रिलमध्ये 'गॅस कमी आहे' म्हणून १८०० रुपयांत गॅस भरून दिला. थोडा फरक पडला, पण सिग्नलचा त्रास तेव्हाही गेला नव्हता. दुसरा म्हणतो कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेला, रिकंडिशनचा टाकला तरी १६ हजार. तिसरा म्हणतो कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी) चोक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोघांनीही दाब मोजायचं गेज लावून बघितलं नाही, आणि मला खटकतंय ते हेच.

रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी चालू ठेवून मी स्वतः तासभर बघत बसलो. बायको आत बसून बटण दाबत होती. कंप्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा) 'टक' करून लागतो, पुलीचा मधला भाग नीट फिरतो. सात-आठ मिनिटांनी इंजिन जड झाल्यासारखं वाटतं, मग क्लच सुटतो आणि थोड्या वेळाने परत लागतो. उभ्या गाडीत रेस देऊन बघितली, तर गार व्हायचं सोडून क्लच आणखी लवकर सुटला. रेडिएटरचा पंखा फिरतो, पण जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला तर तो चिकटून राहत नाही, खाली घसरतो. शेवटी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून पुढून कंडेन्सरवर (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाणी शिंपडलं, आणि दोन मिनिटांत २० चे १२ झाले!

आणखी एक गोष्ट. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, पाइपच्या जोडाजवळ, तेलकट काळा थर आहे. बोट लावलं की बोट काळं होतं.

हे सगळं बघता कंप्रेसरवर १६ हजार घालावेत का? आणि चौदा वर्षांच्या गाडीचा डॅशबोर्ड उघडायला खरंच नको वाटतं. क्लिपा एकदा तुटल्या की जन्मभर खडखडाट.

प्रतिसाद

दादा, मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो. कंप्रेसरला अजिबात हात लावू देऊ नका. कमजोर कंप्रेसर असता तर रेस दिल्यावर हवा गार झाली असती, तुमचं उलट होतंय. कॉइलही नाही, कारण ती चोक असती तर ब्लोअरची हवा कमी आली असती आणि हायवेला ९ दिसले नसते. पाण्याची जी चाचणी तुम्ही केलीत तिनेच उत्तर दिलंय: कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाहीये. हायवेला वारा ते काम करतो, सिग्नलला सगळा भार पंख्यावर. दाब फार चढला की प्रेशर स्विच क्लच तोडतो.

पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. कनेक्टर जळलाय का तेही बघा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत पावसाळ्यातला चिखल बसतो, तो इंजिनच्या बाजूने साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर नको, पत्र्या वाकतात.

मग गेज लावायला सांगा. उभ्या गाडीत हाय साइड (कंप्रेसरनंतरचा दाब) ३०० पीएसआयच्या वर चढत गेली तर पंखा किंवा कंडेन्सर. लो साइड (कंप्रेसरआधीचा दाब) वरच राहिली आणि हाय साइड चढलीच नाही, तर कंप्रेसर. एप्रिलमध्ये गॅस वजन करून भरला होता का? बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. जास्त झाला तरी दाब वाढतो.

तेलाचा डाग म्हणजे बारीक गळती. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने तपासून घ्या, बहुतेक जोडातली रबरी ओ-रिंग असेल.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद, दादा. आज गेज लावून घेतलं. उभ्या गाडीत हाय साइड ३२० पर्यंत गेली. पंख्याची मोटर उघडली तर एक ब्रश पार संपलेला होता. मोटर बदलली, फटीतून मूठभर माती आणि सुकी पानं निघाली. संध्याकाळी सायन सर्कलला मुद्दाम गर्दीत दहा मिनिटं थांबलो, १३ च्या वर गेलं नाही. परवा बाबांना न्यायचंय, आणि पहिल्यांदाच परतीची काळजी वाटत नाहीये.

गळतीचं काम रविवारी. ओ-रिंगसाठी पाइप सुटणारच आहे, तर ड्रायरही (गॅसमधलं पाणी शोषणारा) त्याच वेळी बदलून घेऊ का? आणि नवा गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) किती वेळ लावायला सांगू?

प्रतिसाद

ड्रायर बदलाच. सिस्टिम उघडली की मुंबईची दमट हवा आत शिरते, जुना ड्रायर ते पाणी धरून ठेवू शकत नाही. व्हॅक्यूम कमीत कमी अर्धा तास. नंतर पंप बंद करून दहा मिनिटं काटा हलत नाही ना, ते स्वतः उभं राहून बघा. गॅस वजनकाट्यावरच.