मशीन डबलिंगला ‘डबल्ड डाय’ म्हणणं थांबवायला हवं

भिंगधारी: एका नवख्या संग्राहकाने १९६९ चं, ‘एस’ या टांकसाळीच्या खुणेचं लिंकन सेंट (अमेरिकेचं एक सेंटचं नाणं) मला दाखवायला आणलं. डबल्ड डाय, म्हणजे छापाच्या साच्यातच (डायमध्ये) प्रतिमा दुहेरी कोरली गेलेलं नाणं, म्हणून भरपूर पैसे मोजले होते त्याने. दहापट भिंगाखाली धरलं आणि पोटात कालवलं. सालाच्या आकड्यांना सावली होती, पण तशीच सावली ‘एस’लाही होती. त्या काळी टांकसाळीची खूण तयार डायवर नंतर हाताने ठोकत. डाय बनतानाच अक्षरं दुहेरी उमटली असती, तर ‘एस’ एकेरी राहिला असता. म्हणजे हे मशीन डबलिंग: छाप पडल्यावर सैल डाय जरा सरकली आणि उठावाची कड चेपली गेली. अशा नाण्याला डबल्ड डाय म्हणून विकणं ही फसवणूकच आहे.

चांदीचा कण: विकणाऱ्याबद्दल सहमत. पण तुमच्या सुरात मशीन डबलिंग म्हणजे कचरा असं येतं, ते मला पटत नाही. तीही टांकसाळीच्या आतच घडलेली गोष्ट आहे, कोणी बाहेर नाणं ठोकून केलेलं नाही. मी अशी नाणी मुद्दाम वेगळी ठेवतो. छापताना काय बिनसतं ते त्यांच्यावरून कळतं.

भिंगधारी: ठेवा की, माझी हरकत नावाला आहे. डबल्ड डायमध्ये दोष डायमध्येच असतो. जुन्या पद्धतीत हब, म्हणजे डायवर प्रतिमा उमटवणारा मूळ ठसा, डायवर एकाहून अधिक वेळा दाबत. दुसऱ्या दाबाला ते किंचित फिरलं की दोन प्रतिमा कोरल्या जात, आणि त्या डायचं प्रत्येक नाणं तसंच निघे. १९५५ च्या सेंटवर साल आणि कडेची अक्षरं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. तिथे दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार असतात आणि अक्षरांच्या टोकांना खाच पडते. मशीन डबलिंगमध्ये अक्षराचीच जाडी खाऊन शेजारी सपाट, बुटकी पायरी होते. एकात अक्षर रुंदावतं, दुसऱ्यात झिजतं.

जुनी छाप: खाचेची कसोटी चांगली आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी टांकसाळीने एकाच दाबात डाय बनवायला घेतली, तरी डबल्ड डाय संपली नाही. आता दुहेरीपणा बहुधा मध्यभागी सापडतो. २००९ च्या सेंटवर ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण लिंकन आहे ना, त्याच्या हाताला काही नाण्यांवर जादा बोट दिसतं! तिथे खाच शोधत बसलात तर खरं नाणं हातचं जाईल. झिजलेल्या डायचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. १९५५ च्याच काही सेंटवर शेवटचा ५ दुहेरी वाटतो, त्याला ‘गरिबाची डबल्ड डाय’ म्हणतात. ती निव्वळ झीज आहे. पायरी नसते, अंक सुजल्यासारखा पसरट होतो.

भिंगधारी: २००९ चा मुद्दा मान्य, खाच नसली म्हणून नाणं बाद करणार नाही. पण माझ्याकडे आलेल्या सेंटचा निकाल खाचेवर नव्हता, ‘एस’वर होता.

चांदीचा कण: त्या मुलाला पैसे परत मागायला सांगा. विकणाऱ्यासमोर भिंग ठेवून आधी तो ‘एस’च दाखवू द्या. नाहीच मिळाले, तर ते नाणं मी माझ्या मशीन डबलिंगच्या पाकिटात घेईन, त्याच नावाने.