मदत हवी आहे: आयटीतल्या कपातीची झळ सेवा कामगारांना किती बसते, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० आणि गुगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० लोक कमी करायचं जाहीर केलं, ते आकडे सगळ्यांनी वाचले. पण त्याच इमारतींतले सफाई कामगार, कॅन्टीनवाले, सुरक्षारक्षक, कॅबचालक असल्या आकड्यांत सहसा नसतातच, कारण ते कंत्राटदाराचे. हे मला फार खटकतं.

अर्थतज्ज्ञ एनरिको मोरेट्टी यांचा अमेरिकी शहरांबद्दलचा अंदाज आहे की हाय-टेकमधली एक नोकरी कालांतराने त्याच शहरात सुमारे ५ इतर नोकऱ्या उभ्या करते. मंदीत हाच हिशेब उलटा लावता येईल का? मला तरी नाही वाटत. इंजिनिअरच्या हाती भरपाई आणि थोडी शिल्लक असते, त्यामुळे घरकामाच्या ताई किंवा पाळणाघर लगेच बंद होत नाही. सफाईचं कंत्राट मात्र मजल्यांवर ठरलेलं असेल, तर दोन मजले बंद झाले की माणसं कमी. बऱ्याचदा काढूनही टाकत नाहीत, नुसत्या पाळ्या कमी करतात. मग कागदोपत्री नोकरी शाबूत आणि पगार अर्धा.

शिवाय घरून काम वाढलं तरी हाच परिणाम दिसतो (कपात नसतानाही), तो वेगळा कसा काढायचा?

कुणी असं सर्वेक्षण केलंय का? प्रश्नावलीत नोकरीऐवजी कामाचे तास विचारावेत का? आणि कंत्राटदाराला न दुखवता कामगारांपर्यंत पोचायचं कसं? कृपया अनुभव सांगा.