क्रोम प्लेटिंग कामगाराची रक्ततपासणी: मदत हवी आहे

भाऊ लोटे एमआयडीसीत 9 वर्षं हार्ड क्रोमच्या टाकीवर आहे. वाफ दबावी म्हणून टाकीत फेसाचं केमिकल ओततात, ड्रमवर लेबलच नाही. पीएफओएस नावाचं, सहजी न विघटणारं फ्लोरिनयुक्त रसायन असावं असा मला संशय आहे (घातक टिकाऊ रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम करारात 2009 मध्येच आलेलं, शरीरातून निम्मं जायलाही काही वर्षं लागतात). कंपनीकडे सेफ्टी डेटा शीट (केमिकलमध्ये काय आहे, धोका काय, हे सांगणारा कागद) दोनदा मागितली, "बघू" म्हणाले. चिपळुणात सीबीसी, लिव्हर, किडनी झालं, सगळं नॉर्मल. पण त्यात पीएफओएस दिसतच नाही. लघवीतलं क्रोमियम करतोच आहोत, तो प्रश्न वेगळा. ईएसआय कार्ड आहे. नोकरी सोडणं शक्य नाही, म्हणून तक्रारीचा सल्ला सध्या नको.

रक्तातलं पीएफओएस मोजणारी मुंबई-पुण्याकडची लॅब कुणी स्वतः वापरली आहे का? नमुना चिपळुणातून पाठवला तर चालतो, की तिथेच जावं लागतं?