वस्तीतील मुलांसाठी रोबोटिक्सचा वर्ग : तयार संच घ्यावेत की सुटे भाग?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. पंचवटीत फुलेनगरच्या बाजूला आमचे मित्रमंडळ एक अभ्यासिका चालवते. तिथे येणाऱ्या सातवी ते नववीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी रोबोटिक्सचा वर्ग सुरू करावा, असे आमच्या मनात आहे. यांतील बहुतेकांचे पालक बाजार समितीत हमाली, बांधकामावर बिगारी किंवा घरकाम करतात. वर्गणीतून ४० हजार रुपये जमले आहेत. एका विक्रेत्याने तयार संचांसह दोन दिवसांची कार्यशाळा सुचवली असून तीत ही सगळी रक्कम खर्ची पडेल. दुसरीकडे मंडळातील दोघा-तिघा ज्येष्ठांचे म्हणणे असे की, ज्या मुलांचे भागाकाराशीच अडते त्यांना रोबो कशाला दाखवता, त्यापेक्षा गणिताची शिकवणी लावा. या दोन्हींपैकी काय करावे, की तिसराच मार्ग आहे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

शाळामास्तरीण

दोन दिवसांच्या कार्यशाळेवर एवढे पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संच जोडून झाले की फोटो निघतात, संच खोक्यात परत जातात आणि सोमवारी मुलांच्या हातात काहीच उरत नाही. त्याच रकमेत वर्षभराचा वर्ग चालू शकतो.

ज्येष्ठांचा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर वर्गातच आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या पिवळ्या मोटरसोबतच्या चाकाचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटर असतो. हे चाक कागदावर ठेवून, त्यावर शाईची खूण करून एक पूर्ण फेरा घ्यायला लावा. मुले पट्टीने मोजतात तेव्हा अंतर २०४ मिलिमीटरच्या आसपास येते. मग विचारा की गाडी बरोबर एक मीटर जायची असेल, तर चाकाने किती फेरे घ्यायचे? १००० भागिले २०४ हे गणित वहीत सोडवायला कंटाळणारा मुलगा इथे ते आपणहून मांडतो, कारण उत्तर चुकले तर गाडी भिंतीवर आपटते. त्यामुळे शिकवणी आणि रोबो यांतून एकाचीच निवड करण्याची गरज नाही.

आणखी एक सुचवते. शाळांत प्रयोगशाळा उभारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला उपकरणे आणि चालवण्याचा खर्च मिळून २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. जवळपास अशी प्रयोगशाळा असलेली शाळा असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून रविवारी ती खोली वापरू देण्याची लेखी विनंती करावी. नकार मिळाला तरी पत्राची पोच घेऊन ठेवा.

सातपूरचा_निदेशक

ताईंशी सहमत आहे. मी आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून सामानाविषयी लिहितो. पांढऱ्या पृष्ठभागावरच्या काळ्या रेषेवर आपोआप चालणारी गाडी हा पहिला प्रकल्प ठेवावा. प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो उनोसारखा स्वस्त बोर्ड, त्याच्या इशाऱ्यावर मोटरला वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन मोटर, चाके आणि दोन अवरक्त संवेदक एवढे सामान सुटे घेतले, तर एका गाडीचा खर्च साधारण दीड हजारांच्या आत बसतो. तीन-तीन मुलांच्या गटाला एक गाडी पुरते. आठ गाड्या झाल्या तरी निम्म्याहून अधिक पैसे सुटे भाग, बॅटऱ्या आणि दुरुस्तीसाठी शिल्लक राहतात.

नवखे लोक बॅटरीपाशी हमखास फसतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. गाडी दोन मिनिटे धावते, मग अडखळते, आणि मुलांना वाटते की आपला प्रोग्रॅम चुकला. शिवाय हा ड्रायव्हर स्वतःच जवळपास दोन व्होल्ट खातो, त्यामुळे ६ व्होल्ट दिले तर मोटरपर्यंत चारच पोहोचतात. १.२ व्होल्टचे पुन्हा चार्ज होणारे सहा सेल वापरा, एकूण ७.२ व्होल्ट होतात आणि मोटर नीट फिरते. लिथियमचे सेल मुलांच्या हाती लगेच देऊ नका, शॉर्ट झाले तर भाजण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण उन्हाची. संवेदक पांढऱ्या पृष्ठभागावरून परतणारा अवरक्त प्रकाश ओळखतो आणि काळी पट्टी तो शोषून घेते. अंगणात उन्हात चाचणी घेतली तर सूर्यप्रकाशातल्या अवरक्त किरणांनी तो गोंधळतो. गाडी खोलीतच चालवा आणि संवेदकावरचा छोटा स्क्रू फिरवून जागेनुसार जुळवणी करा. ही जुळवणी मुलांनाच करू द्यावी. आमच्या कार्यशाळेत दोष शोधायला शिकवतो ते याहून वेगळे नसते.

उंबरठा

सर आणि ताई, एक गोष्ट राहिली. रविवारची सकाळ म्हणजे वस्तीत मुलींच्या वाट्याला पाणी भरणे, धुणे आणि धाकटी भावंडे. वर्ग नऊ वाजता ठेवला तर पहिल्या महिन्यानंतर फक्त मुलगेच उरतील. वेळ दुपारची ठेवा, धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा द्या आणि प्रत्येक गटात कोड लिहिणारी व्यक्ती आळीपाळीने बदला, नाहीतर मुलींकडे फक्त वायरी गुंडाळायचे काम येते.

नाशिकरोडकर

अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या कार्ल हेडन हायस्कूलचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. गरीब स्थलांतरित कुटुंबांतील चार मुलांनी प्लॅस्टिकच्या पाइपांपासून पाण्याखाली चालणारा रोबो बनवला आणि २००४ साली स्पर्धेत एमआयटी या अमेरिकेतील नामवंत तंत्रविद्यापीठाच्या संघाला मागे टाकले. हा प्रसंग बहुतेक जण इथेच थांबवतात. पुढे असे झाले की अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर कागदपत्रांअभावी या मुलांची उच्च शिक्षणाची वाट अवघड राहिली. एकाने पदवी घेतली, तरी त्याला मेक्सिकोला परतून रीतसर परवानगीची वाट पाहावी लागली.

आपल्या मुलांसमोर असा कायद्याचा अडसर नाही; पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि प्रवेश अर्जाच्या तारखा यांवर नेमके अडते. म्हणून नववीच्या मुलांना वर्गातच सांगा की दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा अभ्यासिकेत एक माणूस फक्त दाखल्यांसाठी नेमा.

गोदातीर

सर्वांचे आभार. विक्रेत्याला नकार कळवला आहे आणि वेळ दुपारी तीनची ठरवली आहे. सुरुवात चार गाड्यांनी करू. सर, दोष शोधायला शिकवण्यासाठी एखादी मुद्दाम बिघडवलेली गाडी आधी द्यावी, की मुलांनी स्वतः जोडलेली बिघडण्याची वाट पाहावी?

सातपूरचा_निदेशक

वाट पाहावी लागणार नाही, पहिल्याच रविवारी बिघडेल. व्होल्ट आणि प्रवाह मोजणारा एक मल्टीमीटर मात्र आधीच घेऊन ठेवा.