पीटीझेड (आडवा-उभा फिरणारा, झूम होणारा) कॅमेरा चोवीस तास टूरवर ठेवला तर यंत्रणा किती टिकते?

आवार_पाहणी:
गोदामाच्या आवारात २५ एक्स झूमचे दोन पीटीझेड डोम आहेत, दोन्ही पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज. आठ प्रीसेटची (आधी ठरवून ठेवलेल्या जागांची) टूर, म्हणजे कॅमेरा आपोआप एकामागून एक त्यांवर फिरतो, प्रत्येक प्रीसेटवर १० सेकंद थांबा, रात्रंदिवस चालू. डेटाशीटमध्ये एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) ५०,००० तास लिहिलाय. म्हणजे साडेपाच वर्षं निर्धास्त राहायचं का? एका कॅमेऱ्याचे प्रीसेट हल्ली सरकतात, रात्री जास्तच. शिवाय पॅन होताना (आडवा फिरताना) मध्येच क्षणभर चित्र जातं. मोटर गेली म्हणायची की आणखी काही?

गिअर_आणि_बेल्ट:
एमटीबीएफवरून झिजेचा अंदाज बांधू नका. तो आकडा बहुधा इलेक्ट्रॉनिक भागांच्या अचानक बिघाडाचा असतो आणि एका कॅमेऱ्याचं आयुष्य सांगत नाही. बेल्ट, गिअर, स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज-डेटा पोचवणारा सांधा) झिजतात ते हालचालींच्या संख्येवर.

तुमचाच हिशोब करू. १० सेकंद थांबा आणि साधारण २ सेकंद प्रवास धरला, तर दिवसाला ७,२०० हालचाली, वर्षाला २६ लाखांच्या वर. थांबा ६० सेकंदांचा केला की हाच आकडा वर्षाला पाच लाखांच्या आसपास येतो. कॅमेरा तोच, झीज पाचव्या हिश्श्यावर.

झिजेत सगळ्यात महाग पडतो तो झूम. प्रत्येक प्रीसेटवर झूम वेगळा असेल तर दर वेळी लेन्समधल्या दोन बारीक मोटरी पळतात, एक झूमची आणि एक फोकसची. आतले गिअर आणि सरकपट्ट्या बहुतेकदा प्लॅस्टिकच्या असतात. बेल्ट सुटा बदलता येतो, झूम ब्लॉक मात्र अख्खाच घालावा लागतो. म्हणून टूरमधले प्रीसेट शक्यतो एकाच झूमवर ठेवा आणि कोनाच्या क्रमाने लावा. १ नंबर उत्तरेला, २ दक्षिणेला, ३ पुन्हा उत्तरेला, अशी टूर बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात डोम विनाकारण अर्धा फेरा मारत बसतो.

स्लिपरिंग:
तुमच्या कॅमेऱ्यात मला दोन वेगळे दोष दिसतात, ते एकत्र करू नका.

चित्र जातं ते नेमक्या कोनावर का, हे आधी बघा. टूर बंद करा, हाताने सगळ्यात कमी वेगाने पूर्ण ३६० अंश पॅन करा आणि चित्र कुठे तुटतं तो कोन टिपून ठेवा. उलट्या दिशेने पुन्हा करा. दोन्ही वेळा त्याच जागी तुटलं तर स्लिप रिंग. फिरत्या भागाला वीज आणि डेटा तिच्यातूनच जातो. कायम ठरावीक पट्ट्यातच पुढे-मागे होत राहिलं की ब्रश तेवढाच भाग घासतात आणि झिजेची भुकटी तिथेच साचते. म्हणून दिवसातून एक-दोनदा पूर्ण फेरा शेड्यूल करावा. सीलबंद कॅप्सूल असेल तर आत क्लीनर मारू नका. ब्रशवरचं वंगण धुऊन निघतं आणि चार दिवस बरं वाटून नंतर जास्त बिघडतं. ती बदलायचीच. नवी घेताना तारांची संख्या, प्रत्येक तारेची करंट क्षमता आणि डेटाच्या जोड्या जुळवून घ्या.

प्रीसेट सरकण्यासाठी ही चाचणी करा: प्रीसेट १ चा स्नॅपशॉट घ्या, तासभर टूर चालवा, परत प्रीसेट १ वर आणून दुसरा घ्या. मग त्याच प्रीसेटवर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून या. कोणत्या बाजूने आलात यावर चित्र बदलत असेल तर गिअरमध्ये ढिलाई आहे. तासागणिक एकाच दिशेला सरकत असेल तर बेल्ट दात सोडतोय किंवा मोटर स्टेप (तिचं ठरलेलं छोटं पाऊल) चुकतेय. २५ एक्सला पूर्ण झूमवर आडवा कोन अडीच अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे पाव अंशाची चूकही १९२० पिक्सेलच्या चित्रात जवळजवळ १९० पिक्सेल दिसते.

रात्रीच जास्त होतं म्हणता, तर बेल्ट उघडण्याआधी वीज तपासा. रात्री आयआर (इन्फ्रारेड) एलईडी लागतात, त्यात मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं आणि स्टेप चुकतात. पीओईची मानकं वेगवेगळी असतात: ८०२.३एएफ पोर्टवर कॅमेऱ्याला १२.९५ वॉटच मिळतात, ८०२.३एटीवर २५.५. आयआरवाल्या बहुतेक पीटीझेडला पहिला पुरत नाही, मोठ्यांना दुसराही नाही. केबल शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेत लांब अंतरावर व्होल्टेज फार पडतं.

गिअर_आणि_बेल्ट:
वीज ठीक निघाली आणि उघडावंच लागलं तर: बेल्टचा पिच (दोन दातांमधलं अंतर), दातांची संख्या आणि रुंदी मोजून तसाच घ्या. फार ताणू नका, मोटरच्या बेअरिंगवर भार येतो. हाताने सावकाश फिरवताना दात उडी मारणार नाही इतपत ताण पुरे. ग्रीस प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक, तेही दातांवर पातळ थर. गंज सोडवायचा स्प्रे अजिबात नको. त्यातल्या द्रावकाने मूळ ग्रीस धुतलं जातं, काही प्लॅस्टिकला तडेही जातात. बंद करताना ओ-रिंग (पाणी रोखणारी रबरी कडी) पुसून बसवा आणि सिलिका जेलची पुडी नवी टाका, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते.

आवार_पाहणी:
पोर्ट एएफच निघाला! आधी तो बदलतो. टूर काढून ऑटो ट्रॅकिंग (हलत्या वस्तूचा आपोआप पाठलाग) लावलं तर झीज कमी होईल का?

स्लिपरिंग:
वर्दळ कमी असेल तर होईल. झाडांच्या फांद्या किंवा रस्ता चित्रात असेल तर उलट वाढेल, कारण ट्रॅकिंगमध्ये सतत बारीक उलटसुलट हालचाली होतात आणि गिअरची ढिलाई त्यानेच लवकर येते. ट्रॅकिंगचा भाग आखून द्या, फक्त माणूस आणि वाहन निवडा. सगळं आवार स्थिर कॅमेऱ्यांनी झाका. त्यांचा अलार्म आला की पीटीझेडने त्या प्रीसेटवर जावं आणि ६० सेकंदांनी पार्क पोझिशनला परतावं, असं लिंक करा. स्थिर कॅमेऱ्यात पॅन-टिल्टचे फिरते भागच नसतात. आणि टूरवरचा पीटीझेड एका जागी बघत असताना बाकी सात जागा तशाही उघड्याच असतात.