टायटनफॉल २: सहा तासांत संपला, रिव्ह्यूत मार्क कापू का?

अर्धवट_गेमर

मंडळी जरा मदत करा. शनिवारी दुपारी टायटनफॉल २ या शूटर गेमची कॅम्पेन (एकट्याने खेळायची गोष्ट) सुरू केली आणि रविवारी आंघोळीच्या आधी संपली पण! म्हणजे मध्ये झोप, जेवण, फोन हे सगळं धरून. खेळण्याचा वेळ फार तर सहा तास. आता रिव्ह्यू लिहायला बसलोय तर गाडी पहिल्याच पॅऱ्यात अडकलीय.

लिहिलंय असं की "गेम उत्तम आहे पण फारच छोटा आहे", आणि त्यासाठी दहापैकी सात दिलेत. पण वाचताना माझं मलाच ते पटत नाहीये, कारण सहा तासांत एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, आणि याउलट तीस-तीस तासांचे शूटर मी अर्ध्यात सोडलेत (नाव उगाच नाही घेतलेलं). मग छोटा म्हणून मार्क कापायचे की नाही?

दुसरं म्हणजे मी पहिला भाग खेळलेलो नाही. आता खेळावा म्हटलं तर २०२१ च्या डिसेंबरपासून त्याची विक्रीच बंद आहे. पहिला न बघता दुसऱ्याचा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे आगाऊपणा होईल का? मल्टिप्लेअरचं म्हणाल तर दहा-बारा मॅच खेळलो, त्यातला बराचसा वेळ मी मेलेला होतो, त्यामुळे त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

(स्पॉयलर चालतील, संपवलाय मी.)

---

निशाचर

पहिल्याचं टेन्शन घेऊ नकोस रे. २०१४ च्या पहिल्या भागात एकट्याने खेळायची कॅम्पेनच नव्हती. नेहमीच्याच मल्टिप्लेअर मॅच, आणि खेळता खेळता कानात रेडिओवरून कोणीतरी गोष्ट सांगतंय, त्याला ते कॅम्पेन म्हणायचे. आपण भिंतीवरून पळत समोरच्याला गोळ्या घालतोय आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत कोणी साहेब युद्धाबद्दल काहीतरी बोलतोय, कोण लक्ष देणार. मला आजही त्यातली धड एक ओळ आठवत नाही. त्यामुळे जॅक कूपर (आपण खेळतो तो पायलट) आणि बीटी (त्याचा टायटन, म्हणजे आत बसून चालवायचा लढाऊ रोबो) यांची गोष्ट तुझ्यासाठी जितकी नवी होती तितकीच आमच्यासाठी पण होती.

एक मात्र रिव्ह्यूत घाल, की हा गेम आला कधी. २८ ऑक्टोबर २०१६. त्याच्या एक आठवडा आधी बॅटलफील्ड १, तेही त्याच प्रकाशकाचं, आणि एक आठवड्यानंतर कॉल ऑफ ड्यूटीचा त्या वर्षीचा भाग. दोन हत्तींच्या मधोमध आणून उभा केला बिचाऱ्याला. बऱ्याच लोकांनी तो नंतर कधीतरी सेलमध्ये घेतला आणि मग "अरे हे आधी का नाही सांगितलं" म्हणून ओरडत बसले. मी त्यातलाच एक.

---

रेलगन_काकू

छोटा म्हणून मार्क कापले तर मी स्वतः येऊन भांडेन, आधीच सांगते.

अहो जरा आठवून बघा, फॅक्टरीवाली लेव्हल. बीटीपासून ताटातूट होते आणि तुम्ही एका अवाढव्य कारखान्यात खाली जाता. सुरुवातीला कळतच नाही हे बनवतायत काय. मोठाले पॅनल पट्ट्यावरून सरकत येतायत, तुम्ही त्यांच्यावरून पळताय, पळता पळता पॅनल फिरतो, मग यंत्राचे हात येऊन त्याला दुसरा पॅनल जोडतात, आणि मग हळूहळू लक्षात येतं की अरे ही तर घरं आहेत! भिंती, खिडक्या, आत सामान सगळं. तुम्ही ज्यावरून पळत होतात ती कोणाच्या तरी दिवाणखान्याची भिंत होती. मग ती घरं उभी उचलली जातात आणि त्या कलंडलेल्या घरांमधून तुम्ही मारामारी करताय, कोणाची जमीन कोणाची भिंत काही पत्ता नाही. आणि सगळ्यात शेवटी वर पोचलात की तीच घरं मांडून एक खोटं गाव वसवलेलं, लढाईच्या चाचण्यांसाठी. म्हणजे तासभर तुम्ही जे गाव बनताना बघितलं त्याच गावात शेवटी लढलात. गोष्ट कोणी तोंडाने सांगितलीच नाही, कारखान्यानेच सांगितली. मी तिथे बंदूक बाजूला ठेवून नुसती उभी राहिले होते दोन मिनिटं, आणि मागून एकाने मारलं ते वेगळं.

आता हा कारखाना पुढे परत येतो का? नाही. पुढच्या लेव्हलमध्ये हातात मनगटावरचं काळाचं यंत्र येतं, तेही ती लेव्हल संपली की गेलं. मग आर्क टूल, क्रेन फिरवा, दारं उघडा. तेही संपलं. दुसऱ्या कोणी बनवला असता ना, तर ते काळाचं यंत्र गेमभर पुरवलं असतं, त्याला अपग्रेड दिले असते, त्याचे पंचवीस तुकडे गोळा करायला लावले असते, आणि दहाव्या तासाला तुम्हीच म्हणाला असतात पुरे आता. इथे जीभ पोळायच्या आत ताट उचलतात. सहा तास त्याचमुळे आहेत. त्याला छोटा म्हणू नका, यात पाणी घातलेलं नाही एवढंच लिहा.

---

तिरकस

काकूंचं लेव्हलबद्दल सगळं मान्य, पण इथे नेहमीप्रमाणे आरती सुरू झाली म्हणून थोडं उलट बोलतो.

खलनायक आठवतायत का कोणाला? ब्लिस्क नावाच्या भाडोत्री सैनिकाची टोळी आहे, एकेक जण टायटन घेऊन येतो, दोन वाक्यं बोलतो, धमकी देतो, मरतो. केन आला गेला. अ‍ॅश आली गेली. त्यातल्या त्यात वायपर लक्षात राहतो, तोही जहाजावर उडत उडत येतो म्हणून, काही बोलतो म्हणून नाही. शिवाय बॉस फाइट सगळ्या एकाच साच्यातल्या. मोकळं मैदान, समोर एक टायटन, तू गोळ्या घाल तो गोळ्या घालतो. ज्या गेमचा जीव पायात आहे तिथे प्रत्येक मोठ्या लढाईला तुम्हाला लोखंडी डब्यात बसवून पाय काढून घेतात. बीटीत बसलं की मला तरी नेहमी वाटायचं कधी एकदा उतरतोय.

आणि ते संवादाचे दोन पर्याय. डावं दाबा उजवं दाबा, गोष्ट तीच. पहिल्यांदा वाटलं वा, निवड आहे. चौथ्यांदा कळलं की नुसती करमणूक आहे.

मल्टिप्लेअरवर अधिकार नाही म्हणतोस तर मी सांगतो, पहिला भाग जास्त खेळलोय. तिथे टायटनची शील्ड आपोआप भरायची, चेसिस (टायटनचा सांगाडा) आणि हत्यार आपण हवं तसं जुळवायचो. दुसऱ्यात सुरुवातीला सहा ठरलेले टायटन (नंतर सातवा आला), प्रत्येकाचं हत्यार ठरलेलं, शील्ड हवी तर कोणीतरी बॅटरी आणून लावायची. समोर कोण आहे ते लांबूनच ओळखता येतं हा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण माझा स्वतःचा म्हणून जो टायटन होता तो गेला. नकाशे मात्र दुसऱ्यात फुकट दिले नंतरचे सगळे, पहिल्यात सीझन पास (जादा नकाशांसाठी वेगळे पैसे) घेणारे आणि न घेणारे असे दोन गट पडले होते, ते शहाणपण आलं.

सात ठीक आहेत. आठ दे हवं तर. काकू मारतील नाहीतर.

---

स्लाइड_हॉप

+१ काकू. तिरकस भाऊ, बीटीत बसल्यावर पाय जातात म्हणता मग रोनिन टायटनचा लोडआउट (हत्यारांचा संच) लावला नव्हता का? तलवार घ्या, फेज डॅश (क्षणभर गायब होऊन झेप) मारा, पाय परत येतात 🙂

---

निशाचर

तिरकस, संवादांचं नाही पटलं. पर्यायांनी गोष्ट बदलत नाही खरंय, पण त्या निवडी गोष्टीसाठी नाहीतच, बीटीसाठी आहेत. त्याला टोमणा कळत नाही. आपण उपरोधाने काहीतरी बोलावं आणि त्याने एखाद्या हुशार पण भोळ्या मुलासारखं शब्दशः उत्तर द्यावं, ह्यातूनच तो आपला होतो. कूपर अंगठा दाखवतो आणि तो पण तो एवढा मोठा लोखंडी अंगठा वर करतो, तिथे मी विकलो गेलो. आणि सुरुवातीलाच प्रोटोकॉल सांगून ठेवलेत, तिसरा म्हणजे पायलटचं रक्षण. मध्ये मध्ये तो आपल्याला उचलून दरीपलीकडे फेकतो आणि वर म्हणतो विश्वास ठेव. पहिल्यांदा हसू येतं. शेवटी तोच प्रोटोकॉल आणि तीच फेक परत येते तेव्हा हसू येत नाही. माझी धाकटी बहीण शेजारी बसून मोबाइल बघत होती, तिने मान वर करून विचारलं "रोबो मेला का?", मी काही बोललोच नाही.

हाफ-लाइफ २ मध्ये पण असंच होतं बघ, आधी डॉग नावाच्या यंत्राबरोबर ग्रॅव्हिटी गनने (वस्तू ओढून फेकणारी बंदूक) चेंडू झेलायचा खेळ खेळायला लावतात, आणि तेवढ्यात आपण बंदूकही शिकतो आणि तो यंत्रही आपला होतो. बोलून नाही, खेळून.

---

तिरकस

अंगठा मान्य. अंगठ्यावर भांडणार नाही.

---

अर्धवट_गेमर

तुमचं सगळं वाचून काल रात्री फक्त ती काळाची लेव्हल परत खेळलो, आणि आता अजून एक प्रश्न पडलाय. पहिल्यांदा खेळताना नुसता थरार होता म्हणून लक्ष गेलं नव्हतं. एका काळात इमारत जळून पडलेली, त्यात ते प्राणी फिरतायत, बटण दाबलं की त्याच ठिकाणी लखलखीत कॉरिडॉर आणि पहारेकरी. बटणाला उशीर म्हणून काही नाहीच, डोळ्याची पापणी लवायच्या आत काळ बदलतो. हवेत असताना सुद्धा! एक भिंत जुन्या काळात, तिच्यावरून उडी, हवेत बटण, पुढची भिंत आजच्या काळात. मग मी मुद्दाम एका पहारेकऱ्यासमोर उभा राहिलो, त्याने बंदूक उचलली, बटण दाबून गायब झालो, चार पावलं चालून त्याच्या मागे परत आलो. तो अजून तिकडेच बघत होता बिचारा. हे असं वीस वेळा केलं मी, लेव्हल पुढे सरकेना.

पण हे होतं कसं? एवढी मोठी जागा क्षणात लोड कशी होते?

---

रेलगन_काकू

लोड होतच नाही! दोन्ही काळ एकाच वेळी तिथे हजर असतात. एकाच नकाशात एकावर एक असे दोन मजले समजा, एक आजचा आणि एक जुना, मापाला माप जुळवून बांधलेले. बटण दाबलं की काळ बदलत नाही, फक्त तुम्हाला वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर त्याच जागी नेऊन ठेवतात. वेग आणि दिशा तीच ठेवायची, म्हणून हवेतली उडी तुटत नाही. तुमच्या त्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्या मजल्यावर निघून गेलात, तो काय करणार.

युक्ती सोपी आहे, घाम दुसरीकडे आहे. प्रत्येक खोली दोनदा बांधायची, आणि एका काळात मोकळी असलेली जागा दुसऱ्या काळात भिंतीच्या आत येत नाही ना हे बघायचं, नाहीतर खेळणारा भिंतीत अडकून बसेल. आणि त्यांनी त्याचीच गोष्ट केलीय बघा: ज्या अँडरसनला शोधायला तुम्ही जाता तो सापडतो कसा? छतात अर्धा रुतलेला. चुकीच्या जागी बटण दाबलंन त्याने. मला तर वाटतं टेस्टिंग करताना कोणीतरी असंच अडकलं असणार आणि तिथून सुचलं असणार, पण हा आपला माझा अंदाज हं.

---

स्लाइड_हॉप

काकू 🙏 पाच वेळा संपवलाय गेम, ते छतातलं प्रेत कशामुळे तसं आहे हे आज डोक्यात शिरलं.

---

अर्धवट_गेमर

बरं. "फारच छोटा" हे वाक्य उडवलं. त्याजागी फॅक्टरी आणि काळाची लेव्हल ह्यावरच दोन मोठे पॅरे लिहिले, बीटीवर एक, आणि तिरकसचं बॉस फाइटचं म्हणणं जसंच्या तसं घातलंय कारण ते खरंय, वायपर सोडला तर मला पण कोणी आठवत नव्हतं. मल्टिप्लेअरबद्दल एकच ओळ, की मी त्यात वाईट आहे. आकडा अजून ठरत नाहीये, बहुतेक देणारच नाही.

तेवढ्यात सहज म्हणून सुरुवातीचं ट्रेनिंग परत लावलं, ते गाँटलेट, जिथे तुमचा वेळ बघून गेम सांगतो कुठली डिफिकल्टी घ्या. पहिल्या दिवशी त्याने मला सोपी घ्या म्हणून सुचवलं होतं आणि मी अपमान समजून वरची घेतली होती. आज ५८ सेकंद आले. तुमचे किती येतात?

---

रेलगन_काकू

५८? भिंतीवरून पळताय की भिंतीला धरून चालताय?